पाळण्यात ठरलेला धंदा

बारावीचा निकाल लागला म्हणजे नेवाशाच्या पेठेत कॉलेजचे अर्ज भरून देणाऱ्या दुकानांपुढे आईबापांची आणि पोरांची रीघ लागते. तेथे जे चालते ते आमच्या वाचकांनी एकदा घटकाभर उभे राहून पाहावे. दुकानदार विचारतो, "कोणती लाईन टाकायची?" उमेदवार मुलगा असेल तर बाप मुलाच्या तोंडाकडे पाहतो. उमेदवार मुलगी असेल तर बाप तिच्याकडे न पाहताच सांगून टाकतो, "मुलीची जात आहे भाऊ, तिला झेपेल, शोभेल असं काहीतरी टाका." दुकानदारालाही अधिक विचारावे लागत नाही. काय शोभते ह्याची यादी त्याला पाठ असते. मुलगी जवळच उभी असते. गुणपत्रिका तिची, सही तिची, पण धंदा ठरविला दोघा पुरुषांनी.

"मुलीची जात" हा शब्द आमच्या तोंडात इतका बसला आहे की त्याचा अर्थ आम्हांस ऐकू येईनासा झाला आहे. आम्ही आज तोच पकडून धरणार आहोत. जात म्हणजे काय? जन्मास आल्याबरोबर माणसाच्या कपाळी त्याचा धंदा लिहून ठेवणे, हीच ना जात? सुताराच्या पोराने रंधा मारावा, कुंभाराच्या पोराने चाक फिरवावे, महाराच्या पोराने गावकीचे जू ओढावे, आणि लेखणी मात्र एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहावी, हा कायदा कोणी केला आणि कोणाच्या सोयीसाठी केला, हे १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापून जोतीरावांनी आम्हांस उघड करून सांगितले. ह्याच नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी १९१० साली हाती घेतलेला 'दीनमित्र' पुढे जवळजवळ आयुष्यभर चालविला, तो हेच सांगण्यासाठी. तेव्हा आमचे वाडवडील म्हणाले, जन्मावरून धंदा ठरविणे हे थोतांड आहे. ज्याला जे येईल आणि आवडेल ते त्याने करावे. तो लढा थोडाबहुत फळास आला. आज कुंभाराचा मुलगा कलेक्टर झाला तर गाव त्याची मिरवणूक काढते, आणि काढावीच. पण ज्या घरातून मिरवणुकीला हार जातो त्याच घरात मुलीचा धंदा मात्र पाळण्यातच ठरलेला असतो. बाहेरची जात मोडावी म्हणून भांडलो, आणि घरातल्या घरात एक नवी जात पाळीत बसलो! ह्याला सत्यशोधन म्हणावयाचे काय?

आता ती पाठ असलेली यादी पाहू. मुलीला बी. ए., शिक्षकाची पदविका, नर्सिंग, शिवणकाम, फार झाले तर फार्मसी. मुलाला इंजिनियरिंग, आय. टी. आय. तील फिटर नि इलेक्ट्रिशियन, पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा. एकाच घरातील भाऊबहीण, एकाच शाळेत शिकलेली, बहिणीला गणितात भावापेक्षा दहा गुण अधिक. तरी वर्कशॉपात जाणार भाऊ आणि पदवी होईतो लग्नाची वाट पाहणार बहीण. पुष्कळदा हा निकाल बारावीपर्यंतही थांबत नाही. दहावीनंतर विज्ञान शाखा जवळच्या गावी नसली की मुलगा मोटारसायकलीवर दूर जातो आणि मुलगी गावातल्याच कला शाखेत बसते. दोन वर्षांनी आम्हीच म्हणतो, मुलींना इंजिनियरिंगची आवडच नसते!

नर्सिंगला किंवा मास्तरकीला आम्ही हलके लेखतो असे कोणी समजू नये. ज्या मुलीला मनापासून आजाऱ्याची शुश्रूषा करावयाची आहे तिने ती खुशाल करावी. त्या विद्येला देशात आणि परदेशातही चांगली मागणी आहे. आमची तक्रार धंद्याविषयी नाही, तो ठरविण्याच्या रीतीविषयी आहे. आणि शोभण्याचा दाखला जे देतात त्यांना आम्ही थोडा इतिहास विचारतो. बाईने मास्तरीण व्हावे हे आज सर्वांत शोभणारे काम आहे ना? १८४८ साली सावित्रीबाई फुले पुण्यात मुलींना शिकवावयास निघाल्या तेव्हा हेच काम इतके न शोभणारे होते की त्यांच्या अंगावर शेणगोळे आणि दगड पडले. त्यांच्या बरोबरीने शिकविणाऱ्या फातिमा शेख ह्यांनाही लोकांनी काही हार घातले नाहीत. आणि जोतीरावांना मुलींच्या शाळेचा नमुना कोठे सापडला? आमच्याच नगर शहरात, अमेरिकन मिशनच्या मिस फरार ह्यांनी चालविलेल्या मुलींच्या शाळेत. सारांश, आज जो धंदा बायकांचा म्हणून आमच्या यादीत पहिला बसला आहे तो एका माळ्याच्या सुनेने दगड झेलून यादीत घातलेला आहे. यादी देवाने लिहून दिलेली नव्हे. बाया अंगावर घेतात तशी ती वाढत जाते.

डॉक्टरकीचेही तसेच. डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचे नाव शाळेच्या पुस्तकातून सर्वांस ठाऊक असते. त्या १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि १८८७ त दुर्दैवाने वारल्या. पण सुतार जातीत जन्मलेल्या डॉ. रखमाबाईंची ओळख आमच्या बहुजन घरांतूनही कितीकांना आहे? अकराव्या वर्षी लग्न लागलेले; नवऱ्याने नांदावयास यावे म्हणून कोर्टात ओढले; १८८७ साली कोर्टाने नांदावयास जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे सांगितले, तेव्हा ही बाई तुरुंग पत्करते म्हणाली. १८८८ त तडजोड झाली, पुढे ती लंडनला गेली, १८९४ साली वैद्यकीची परीक्षा उतरून परत आली आणि सुरतेस व राजकोटास वर्षानुवर्षे बायकांची इस्पितळे चालविली. त्या काळी तिच्या जातीला, तिच्या बाईपणाला आणि तिच्या नशिबाला, तिन्हींना ते शोभणारे नव्हते.

"पण बाईच्या जातीला जड काम झेपत नाही," हे दुसरे पालुपद. हे बोलणाऱ्या गृहस्थाने सोनईच्या किंवा भेंड्याच्या साखर कारखान्याच्या पट्ट्यात हंगामात एक दिवस फडात येऊन उभे राहावे. उसाची तोड कोणत्या मापाने मोजतात? कोयत्याने. एक कोयता म्हणजे नवराबायको मिळून. उचल घेताना अंगठा नवऱ्याचा, कामाच्या वेळी मात्र बाई बरोबरीने ऊस तोडते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढते, आणि पहाटे उठून भाकरी थापलेली असते ती वेगळी. तेव्हा तिला जड काम झेपते काय, असे कोणी विचारीत नाही. फिटरचा पाना उसाच्या मोळीपेक्षा जड असतो अशी आमची तरी माहिती नाही!

घोडेगावच्या कांद्याच्या बाजाराचे तसेच. लावणी बाईची, खुरपणी बाईची, काढणी आणि काटणी बाईची. गोण्या गाडीत चढल्या की पुढचे सारे पुरुषाचे. लिलाव त्याने ऐकावयाचा, पट्टी त्याने खिशात घालावयाची. बी. कॉम. झालेली मुलगी घरात असते, पण आडतीवर हिशेब बघावयास ती जात नाही. का, तर तेथे बायका नसतात. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या पाहणीप्रमाणे खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या दर शंभर बायांपैकी सुमारे ७७ शेतीत राबतात. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४९ आहे. आणि २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीची खाती बायकांच्या नावावर किती? शंभरात सुमारे १४. मुलीचा वडिलार्जित मिळकतीतील समान हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि सर्व देशाने २००५ साली कायद्यात लिहिला. सातबाऱ्यावर तो उतरावयाचा राहिला आहे. शेजारच्या राहुरीस १९६८ पासून जोतीरावांच्याच नावाचे कृषी विद्यापीठ आहे. शेती जर इतकी बायकांच्याच हातची आहे, तर तेथल्या पदवीवर पहिला हक्क कोणाचा असावा? आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी न चढता देशी बियाणे राखून २०२० साली पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. शाळेविना हे, तर शाळेसह काय होईल, ह्याचा विचार व्हावा.

खरे बिंग वेगळेच आहे. घरात स्वयंपाक बाईने करावयाचा, पण लग्नाच्या मांडवात पैसे घेऊन रांधणारा आचारी पुरुष. घरची फाटकी शिवावयाची बाईने, पण पेठेत मशीन मांडून बसलेला शिंपी पुरुष. गाईची धार, शेण, वैरण बाईकडे, दूध डेअरीचा पगार पुरुषाकडे. म्हणजे कामाला नर-मादी नसते. कामाला पैसा आला की ते पुरुषाचे होते. हे केवळ आमच्याकडेच घडते असेही नाही. अमेरिकेत १९४६ साली एनिअ‍ॅक नावाचे जे अजस्र गणकयंत्र जगापुढे आले त्याला गणिते घालून देणाऱ्या पहिल्या सहाजणी बाया होत्या. पुढे त्या कामाला मान आणि पगार चढला, तसे ते पुरुषी ठरले. उलट ज्याला पगार नाही, नुसता मोबदला किंवा मानधन आहे, ती अंगणवाडी आणि आशा सेविकेची कामे बायकांच्या वाट्यास. ह्या बाया गावाचे आरोग्य सांभाळतात, आणि हक्काच्या वेतनासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढतात.

मुलीच्या शिक्षणाकडे स्थळाच्या बाजारातून पाहिल्याने काय होते ह्याचा एक धडा आमच्या तालुक्यांनी घेतलेला आहे, पण तो आम्ही विसरून गेलो. ह्या शतकाच्या आरंभी गावोगाव डी. एड्.ची विद्यालये निघाली. डी. एड्. झालेली मुलगी म्हणजे घरचे घर सांभाळून पगार आणणारी सून, म्हणून स्थळे चांगली येत. किती शेतकऱ्यांनी त्यासाठी कर्ज काढले असेल, त्यांचे त्यांनाच ठाऊक. २०१२ साली सरकारने शिक्षकभरती बंद केली. हजारो पदविका ट्रंकेत पडल्या, विद्यालये ओस पडली, आणि त्या मुली कांदे काटावयास परत आल्या. धंदा निवडताना जगात त्या विद्येची गरज किती आणि किती काळ आहे हे कोणी पाहिले नाही. वरपक्ष काय म्हणेल एवढेच पाहिले. आज फार्मसीच्या दारात तशीच रांग लागलेली आम्हांस दिसते. आंधळेपणाने इंजिनियरिंगला पळणाऱ्यांसही हेच लागू आहे, मग ती मुलगी असो की मुलगा.

मुलांची सुटका ह्यातून झाली आहे असे समजण्याचे कारण नाही. मुलगा म्हणजे सरकारी नोकरी, हीसुद्धा पाळण्यातच लिहिलेली चिठ्ठी. पुण्याच्या पेठांतून खोली घेऊन स्पर्धा परीक्षेमागे सात-सात, आठ-आठ वर्षे घालविणारे तरुण आमच्या प्रत्येक गावात दोनचार तरी आहेत. त्यांतल्या एखाद्याला नर्सिंग करावेसे वाटले किंवा उत्तम स्वयंपाकी व्हावेसे वाटले तर बाप म्हणणार, "बायकी कामं करतोस?" जो मुलगा शेतीत राहिला त्याला मुलगी मिळेना. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरास लग्नाळू तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यांवर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. लोक हसले. आम्हांस हसू आले नाही. २०११ च्या खानेसुमारीत आमच्या नगर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली ८५२ होत्या. ज्या मुली जन्मासच येऊ दिल्या नाहीत त्या आज मांडवात कोठून येणार? आणि ज्या आल्या त्यांना शेतीत राबणे एवढेच ठेवले, शेतीची मालकी नाही, विद्या नाही, पट्टी नाही. मग त्या शेतकरी नवरा नको म्हणाल्या तर त्यांचे चुकले काय?

आता बापाची बाजू. ती आम्हांस ठाऊक आहे आणि आम्ही तिची टवाळी करणार नाही. चार एकर जिराईत, एक बोअर, दोन मुली आणि एक मुलगा, अशा माणसाला नगरचे कॉलेज साठ किलोमीटरांवर दिसते. संध्याकाळची एस. टी. चुकली तर मुलगी फाट्यावर उभी राहील, ही धास्ती खोटी नाही. अहिल्याबाईंच्या नावाचा मुलींचा मोफत पास बारावीला संपतो. गावात बोलणारी तोंडे असतात. म्हणून "अठरा झाली की उजवून टाकू" असे तो म्हणतो, आणि पुष्कळजण अठराही होऊ देत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या मराठी मुलखातील बायांपैकी शंभरात जवळजवळ २२ जणींची लग्ने अठराच्या आत झालेली निघाली. पण आमचा बापाला सवाल आहे, ही धास्ती मुलीच्या धंद्यावर का काढावी? मुलगी नर्सिंगला गेली तरी एस. टी. तीच आणि फाटा तोच. उलट रात्रपाळी तेथेच. धास्ती रस्त्याची असेल तर इलाज रस्त्याचा करावा. पाच गावच्या पालकांनी मिळून आगारात जाऊन कॉलेज सुटण्याच्या वेळेची गाडी मागावी. गाव पाच सह्यांत जागे होते, हा आमचा अनुभव आहे.

राहिली फी. येथे एक गोष्ट आम्ही ठळकपणे सांगतो, कारण ती पारावर कोणी सांगत नाही. लाडक्या बहिणीच्या पंधराशे रुपयांची चर्चा २०२४ च्या उन्हाळ्यापासून घराघरांत झाली. त्याच सुमारास, ८ जुलै २०२४ रोजी, राज्य सरकारने दुसरा एक निर्णय काढला: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी-फी आणि परीक्षा-फी पूर्ण माफ. त्यात इंजिनियरिंग आले, वैद्यकी आली, शेतकी आली. अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंटच्या जागेवर घेतला तर माफी नाही. वसतिगृह, खानावळ आणि पुस्तके ह्यांचा खर्च मात्र आपलाच आहे, तो आधी हिशेबात धरावा. उत्पन्नाचा व जातीचा दाखला निकालानंतर धावपळ करून काढण्यापेक्षा बारावीच्या वर्षाच्या आरंभीच तहसिलातून काढून ठेवावा. दाखल्याअभावी गेलेली जागा परत येत नाही. अर्ज भरणाऱ्या दुकानदारावर विसंबू नये. पसंतीक्रम मुलीने स्वतः कागदावर लिहून न्यावा आणि भरलेला अर्ज स्वतः वाचल्याशिवाय सही करू नये.

आणि मुलींनो, तुम्हांलाही दोन शब्द. "बाबा म्हणतील ते" हे उत्तर गोड आहे, पण ते तुमचे नव्हे. तुम्हांला काय करावयाचे आहे हे कळावयास आधी ते काम डोळ्यांनी पाहावे लागते. ज्या गावात बाईला डॉक्टर, मास्तरीण आणि नर्स ह्यांपलीकडे कोणी पाहिलेलेच नाही, तेथे मनातील इच्छाही तेवढीच उगवते. म्हणून पाहा. साताऱ्याच्या शेतकरी कुटुंबातील सुरेखा यादव कराडास इलेक्ट्रिकलची पदविका करून रेल्वेत गेल्या, आगगाडी चालविणाऱ्या देशातील पहिल्या बाई ठरल्या, २०२३ साली त्यांनी सोलापुराहून मुंबईस वंदे भारत गाडी आणली आणि २०२५ साली सन्मानाने निवृत्त झाल्या. आय. आय. टी. त २०१६ साली शंभरात सुमारे आठच मुली शिरत होत्या. २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा केल्या आणि दोन वर्षांतच ते प्रमाण वीसच्या घरात गेले. दोन वर्षांत काय मुलींची बुद्धी बदलली? खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे दार सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाने उघडले. २०२२ साली मुली आत गेल्या आणि २०२५ च्या मे महिन्यात पहिल्या सतरा जणी तेथून बाहेर पडल्या. आपल्याच तालुक्यातील शिंगणापूरचा चौथरा घ्या. बाईने त्यावर चढले तर अनर्थ होईल असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. एप्रिल २०१६ त बाया चढल्या, आणि आकाश होते तेथेच आहे. शनिदेवाने वाट दिली, वर्कशॉपच्या मास्तरांनी आणि घरच्या कारभाऱ्यांनी ती द्यावयाची राहिली आहे.

जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले. जामखेड तालुक्यातील चोंडीच्या एका धनगराच्या मुलीने अठ्ठावीस वर्षे माळव्याचे राज्य चालविले, म्हणून हे नाव. राज्यकारभार ही काही त्या काळच्या मुलींच्या यादीत घातलेली विद्या नव्हती. पाटीवर अहिल्याबाई आणि अर्जावर "शोभेल असं काहीतरी", हे एका जिल्ह्यात फार दिवस नांदू नये.

शेवटी आमच्या सहकारी साखर कारखान्यांचे धुरीण आणि शिक्षणसंस्थाचालक ह्यांच्याकडे वळतो, कारण ते बहुधा एकच असतात. आमच्या सभासदांच्या शेअरवर आणि उसावर हे कारखाने आणि त्यांच्या सावलीतील कॉलेजे उभी राहिली. कारखान्यात गिरणीवर, बॉयलरवर, प्रयोगशाळेत आणि शेतकी खात्यात उमेदवार घेतले जातात. त्यांत सभासदांच्या मुली किती? मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखरधंद्याचे शिक्षण मिळते. कारखान्याच्या खर्चाने तेथे किती मुलींना पाठविले? कॉलेजच्या वसतिगृहात मुलींच्या खाटा किती आणि मुलांच्या किती? सप्टेंबरच्या आत कारखान्यांच्या वार्षिक सभा होतील. अहवालाचे पुस्तक घरोघर येईल. सभासदांनी ह्या तीन प्रश्नांची चिठ्ठी लेखी देऊन पोच घ्यावी, आणि ज्यांच्या नावावर शेअर आहे अशा बायांनी त्या दिवशी चूल लवकर आटोपून स्वतः सभेस जावे. उत्तरे आली तर ती आकड्यांसह आम्ही येथे छापू. न आली तर तेही छापू.